घरचा जुना संगणक आणि लिनक्स



विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. संगणक त्या दिवशी बंद पडला नाही, म्हणून बऱ्याच घरांत कुणाला पत्ताही लागला नाही. परंतु खास मुदतवाढ घेतली नसेल तर नव्याने सापडणारी भोके आता बुजवली जात नाहीत, आणि त्याच यंत्रावरून आपण बँकेचे व्यवहार करतो. विंडोज ११ घालावे म्हटले, तर साधारण २०१७ पूर्वीच्या बहुतेक यंत्रांवर ते रीतसर बसत नाही. म्हणून चालता संगणक भंगारात घालण्याची गरज नाही. लिनक्स आहे.

लिनक्सचा गाभा फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिहिला व सर्वांना खुला केला. पुढे जगभरच्या लोकांनी त्यात भर घातली. हाही एक सहकारच म्हणा ना! आपल्या मोबाईलमधील अँड्रॉइडच्या तळाशीही तेच आहे. लिनक्सचे प्रकार पुष्कळ. नवख्या माणसाला आम्ही लिनक्स मिंट सुचवू, कारण त्याचा तोंडवळा जुन्या विंडोजसारखा आहे. पैसे पडत नाहीत आणि ४ जीबी मेमरीवर काम भागते.

हे काम बहुधा घरातला शिकलेला पोरगा किंवा पोरगी करणार. त्यांना आमचे सांगणे असे की, यंत्र बदलणे तासाभराचे काम आहे, माणसाची सवय बदलायला वेळ लागतो. नवे वाण आपण एकदम सगळ्या रानात लावत नाही, तसेच इथेही करावे. आधी विंडोजवरच फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस बसवून द्यावे. ही दोन्ही लिनक्सवरही तशीच मिळतात. महिना-दोन महिने वडील त्यावर पत्रे लिहू लागले, की पुढचा बदल त्यांना निम्माच वाटतो. सातबारा, वीजबिल, बँक, व्हॉट्सॲप ही कामे ब्राउझरमध्येच होतात, त्यामुळे तिथे फारशी अडचण नाही.

अडचण येते ती मराठी मजकुराची, आणि नेमकी हीच गोष्ट लोक विसरतात. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पुष्कळांनी जुन्या फॉन्टमध्ये अर्ज, ठराव, हिशेब टाईप करून ठेवले आहेत. तो फॉन्ट नसला की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. मजकूर गेलेला नसतो, पण माणूस घाबरतो. म्हणून विंडोज चालू असतानाच महत्त्वाचे कागद युनिकोडमध्ये करून घ्यावेत, आणि रूपांतरानंतर जोडाक्षरे व आकडे एकदा डोळ्यांखालून घालावेत. इन्स्क्रिप्टवर हात बसलेल्यांना मात्र काही नवे शिकावे लागत नाही. लिनक्सच्या कीबोर्डांच्या यादीत मराठी निवडले की झाले.

टॅली लिनक्सवर सरळ चालत नाही. ज्या यंत्रावर सोसायटीचे किंवा दुकानाचे हिशेब आहेत त्याला हात लावू नये, हे आमचे स्पष्ट मत आहे. डिजिटल सहीचे टोकन वापरणाऱ्यांनीही ते चालते की नाही याची आधी खात्री करावी.

खात्री करणे सोपे आहे. ८ जीबीच्या पेनड्राईव्हवर मिंट उतरवून त्यावरूनच संगणक सुरू करता येतो. आतल्या डिस्कला धक्का लागत नाही. आवाज येतो का, वाय-फाय लागते का, प्रिंटर कागद काढतो का, हे सगळे पाहावे. पेनड्राईव्हवर ते जरा रेंगाळते, त्यावरून नाव ठेवू नये. जमले तर फोटो व फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून, पासवर्ड वहीत उतरवून मगच बसवावे. जागा असल्यास एक गळीत हंगामभर विंडोजही शेजारी राहू द्यावे, पण त्यावरून बँक उघडू नये.

बसवून झाल्यावर पडद्यावर जुन्याच जागी जुनीच नावे द्यावीत: ‘पत्रे’, ‘फोटो’, ‘बँक’. आईने विचारले तर माऊस तिच्या हातून काढून घेऊ नये, शेजारी बसून सांगावे. इंटरनेटवरून उतरवलेली विंडोजची प्रोग्रॅम फाईल इथे चालणार नाही, लागेल ते मिंटच्या स्वतःच्या भांडारातून घ्यायचे, एवढे मात्र बजावून ठेवावे. लिनक्सला विषाणूंचा त्रास कमी, तरी फोनवर ओटीपी मागणारा भामटा इथेही तसाच फसवतो.

पेनड्राईव्ह पुसू नये. उद्या संगणक सुरू होईना झाला, तरी डिस्क शाबूत असेल तर त्यावरून यंत्र चालू करून आतल्या फायली बाहेर काढता येतात.