पॉट्सडामचे पत्र : प्राध्यापकाची खुर्ची

पॉट्सडाम (जर्मनी) :

बर्लिनहून लोकलने तासाभराच्या आत पॉट्सडाम येते. स्टेशनाच्या मागच्या अंगाला झाडीतून चढण चढले की टेलेग्राफेनबेर्ग नावाची टेकडी लागते. सातारा-सांगलीकरांचे तिच्याशी काय नाते, असे कोणी विचारेल. १९६७च्या कोयना भूकंपाचे मूळ शोधण्यासाठी कोयना परिसरातल्या गोठण्याला २०१६-१७मध्ये सुमारे तीन किलोमीटर खोल विंधन झाले. त्यासाठी आधी २०११ आणि २०१४मध्ये ज्या आंतरराष्ट्रीय खोल-विंधन कार्यक्रमाच्या बैठका झाल्या, त्याचे मुख्यालय पॉट्सडामच्या भूविज्ञान संशोधन केंद्रात, याच टेकडीवर आहे. पुढचे काम आपल्या कऱ्हाडच्या प्रयोगशाळेतून चालते.

या टेकडीचा दबदबा उभा केला तो फ्रीडरिश रोबर्ट हेल्मर्ट या भूगणिताच्या, म्हणजे पृथ्वी मोजण्याच्या शास्त्राच्या, प्राध्यापकाने. १८४३ साली सॅक्सनीतल्या फ्रायबेर्गला जन्म, ड्रेस्डेनला शिक्षण, १८६८ला लाइपझिगची डॉक्टरेट, मग हॅम्बुर्गची वेधशाळा, तिथून आखेन. १८७२ साली, तिशीच्या आत, तिथेच प्राध्यापक. १८८६पासून, पुढे याच टेकडीवर आलेल्या प्रशियाच्या भूगणित संस्थेचा कारभार हाती आला, आणि १९१७ला मरेपर्यंत तो त्यांच्याकडेच राहिला. आपल्याकडच्या जुन्या एव्हरेस्ट पद्धतीतले नकाशे उपग्रहांच्या पद्धतीत बसवायला सर्व्हेवाले सात आकड्यांचे जे रूपांतर वापरतात, ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

त्यांच्या कारकिर्दीत १८९८ ते १९०४ अशी सहा वर्षे क्यूनेन आणि फुर्टवेंगलर हे दोघे शास्त्रज्ञ इथे लंबक झुलवत बसले होते. कशासाठी? गुरुत्वाकर्षणाचा एक आकडा पक्का करण्यासाठी. लंबक उलटासुलटा टांगायचा, झोके मोजायचे, खोलीचे तापमान आणि हवेचा दाब टिपायचा, पुन्हा पहिल्यापासून. १९०९मध्ये जगाने तो आकडा प्रमाण मानला. १९७१मध्ये नवी मापे स्वीकारली गेली, तोवर कळून चुकले होते, की तो सत्तर हजारांत एक भाग जास्त होता. मला तर यात शरमेचे काही दिसत नाही.

आजच्या जर्मनीत हेल्मर्टसारखे तिशीच्या आत प्राध्यापक होणे दुर्मीळ. आधी डॉक्टरेट, नंतर ‘हाबिलिटात्सिओन’ नावाचा दुसरा मोठा प्रबंध किंवा त्याऐवजी कनिष्ठ प्राध्यापकाची ठरावीक मुदतीची जागा. विद्यापीठातली मुदतीची नोकरी साधारणपणे डॉक्टरेटआधी सहा आणि नंतर सहा वर्षे. पुढे जागा नाही तर दुसरा धंदा बघा. त्यातही, ज्या विद्यापीठात वाढलात तिथेच खुर्ची सहसा मिळत नाही, दुसऱ्या गावाहून बोलावणे यावे लागते. आपल्याकडे एकाच कॉलेजात विद्यार्थी म्हणून शिरून विभागप्रमुख म्हणून निवृत्त झालेले सर पुष्कळ सापडतील. इथे त्याला वशिला म्हणतील.

चाळिशीत बोलावणे आले की मात्र माणूस राजा. सहायक किती, उपकरणे कोणती, खोल्या किती, याची घासाघीस करूनच तो रुजू होतो. मग त्याला सहसा कोणी हलवत नाही. म्हणून २००२मध्ये अमेरिकेबरोबर ‘ग्रेस’चे जोडउपग्रह सोडून पृथ्वीचे गुरुत्व महिन्या-महिन्याला मोजण्यासारखी लांब पल्ल्याची कामे इथे निभतात, पंजाब-हरियाणाचा भूजलउपसा त्यातूनच जगापुढे आला. तरुणांचा मात्र या पद्धतीत चुराडा होतो. पस्तिशीतल्या हुशार माणसाला पुढच्या वर्षीचे घरभाडे कसे भरायचे याची चिंता असावी, हे या श्रीमंत देशाला शोभत नाही.

सांगलीच्या वालचंदमध्ये किंवा कऱ्हाडच्या शासकीय अभियांत्रिकीत सिव्हिल शिकणाऱ्या, सर्व्हे कॅम्पमध्ये थिओडोलाइट रमून लावणाऱ्या मुलामुलींनी हे वाचून घाबरू नये. प्राध्यापकी दूर असली तरी श्टुटगार्ट विद्यापीठात भूगणिताचे पदव्युत्तर शिक्षण इंग्रजीत घेता येते. त्या प्रांतात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला सहा महिन्यांना १,५०० युरो फी पडते, राहण्या-जेवणाचा खर्च वेगळा. हिशेब घरी बसून आधी करा, आणि जर्मन भाषा तिकडूनच शिकून या.