हजार गाड्यांची अट

ऑटोक्रॉसमध्ये, म्हणजे रस्त्यावरचे असतात तसले कोन मांडून आखलेल्या मार्गावर घड्याळाशी होणाऱ्या शर्यतीत, स्पर्धकाला नुसतं बघत बसता येत नाही. एका हीटमध्ये गाडी चालवायची, दुसऱ्या हीटमध्ये लाल झेंडा आणि वॉकीटॉकी घेऊन कोनांजवळ पहारा करायचा, अशी अमेरिकेतल्या बहुतेक क्लबांची पद्धत. प्रत्येक कोनाच्या बुडाभोवती चौकोन आखलेला असतो. कोन सरकला, पण बूड चौकोनाला टेकून राहिलं, तर माफ. आडवा झाला किंवा चौकोनाबाहेर गेला, की दोन सेकंदांचा दंड. एक रन जेमतेम मिनिटभराचा आणि निकाल सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजलेला. त्यामुळे कोणती गाडी कोणत्या वर्गात, म्हणजे कोणाशी लढणार, हा इथे सगळ्यात नाजूक प्रश्न.

पहाऱ्यावर उभं राहून होंडाच्या दोन ‘एस २०००’ एकामागून एक जाताना पाहाव्यात. एक साधी, दुसरी ‘सीआर’. इंजिन दोन्हींचं तेच, म्हणून सरळ रस्त्यावर फरक जाणवायचा नाही. कोनांच्या नागमोडी रांगेत मात्र तो लपत नाही. सीआरच्या स्प्रिंग जास्त कडक, मागचे टायर रुंद, स्टिअरिंग जास्त तिखट. साधीचा चालक पुढच्या कोनासाठी हात फिरवत असतो, तोवर सीआरचं नाक वळलेलं असतं. ही सीआर २००८ आणि २००९ अशी दोनच मॉडेल वर्षं निघाली, तीही ७०० हून कमी.

स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका, म्हणजे एससीसीए, ‘सोलो’ या नावाने या स्पर्धा चालवते. तिच्या ‘स्ट्रीट’ गटात शॉक ॲब्झॉर्बर बदलता येतात, एक अँटी-रोल बार बदलता येतो, पण स्प्रिंगला हात लावायचा नाही आणि चाकांची रुंदी मूळचीच ठेवायची. थोडक्यात, कारखान्याने जे दिलं ते कायम. ऑप्शन पॅकेज आपल्या गाडीवर नंतर चढवता येतं, पण ते पूर्ण चढवावं लागतं. सोयीचे भाग उचलून चालत नाही. म्हणजे कारखान्यानेच एखाद्या मोजक्या आवृत्तीला झुकतं माप दिलं, तर ते भरून काढायला बाकीच्यांकडे वाट उरत नाही. म्हणूनच या गटासाठी बारा महिन्यांत किमान १,००० गाड्या बनलेल्या असाव्यात, अशी अट घातली गेली.

आंतरराष्ट्रीय रॅलीतल्या गाड्यांच्या गटांनाही आकड्यांच्या अटी होत्या: ग्रुप बीसाठी २००, ग्रुप एसाठी ५,०००. पण त्यांचा रोख कंपन्यांवर होता. शर्यतीत उतरायचं तर तेवढ्या गाड्या बनवा. सोलोतली अट सामान्य स्पर्धकासाठी आहे. वर्ग जिंकणारी गाडी त्यालाही बाजारात मिळायला हवी. फोर्डची मस्टँग कोब्रा आर आठवा: १९९३ मध्ये १०७, १९९५ मध्ये २५०, २००० मध्ये ३००. रेडिओ नाही, एसी नाही, मागची सीट नाही. १९९५ ची घ्यायला तर शर्यतीचं लायसन्स लागायचं. अशी गाडी साध्या मस्टँगच्या वर्गात आली असती, तर ती मिळवण्यातच अर्धी शर्यत संपली असती.

नुकसान एका ट्रॉफीपुरतं राहत नाही. वेगवेगळ्या वर्गांची तुलना करायला पॅक्स नावाचा गुणक वापरतात आणि तो वर्गातल्या उत्तम निकालांवरून ठरतो. एका दुर्मिळ गाडीने वर्गाची पातळी वर नेली, की त्याच वर्गातल्या साध्या गाडीवाल्यालाही गावच्या स्पर्धेत तोच कडक गुणक लागतो.

तरीही नुसता आकडा मला अपुरा वाटतो. शर्यतीसाठी मुद्दाम थोडी बनवलेली गाडी आणि खपलीच नाही म्हणून थोडीच बनलेली गाडी, या दोघींना तो एकच न्याय लावतो. दुसरीचा मालक नियमाच्या पळवाटा शोधत आलेला नसतो. जवळ आहे ती गाडी घेऊन रविवारी येतो. अट मोडली, की त्याला जास्त फेरफार चालणाऱ्या गटात, पूर्ण तयारीच्या गाड्यांसमोर उभं राहावं लागतं. अशी हळू गाडी आहे त्या वर्गात राहिली, तर कुणाचंच काही जात नाही. वेगवान आणि दुर्मिळ गाडीला मात्र वरच्या, खरोखर तिच्या तोडीच्या वर्गात जागा द्यावी. तिथेही ती भारी पडली, तरच बाहेर काढावी. वर्गवारीबद्दल सदस्यांनी लिहिलेली पत्रं एससीसीएचं सोलो इव्हेंट्स बोर्ड विचारात घेतं. त्या पत्रांत गाडी किती बनली याच्या जोडीला ती कोनांमध्ये किती वेळ घेते, हेही लिहिलं जावं.