परदेशी विद्यार्थी व आपले घर

परदेशी विद्यार्थ्यांस भारत दाखविण्याचा उद्योग पुष्कळ जण करितात. परंतु कचेरीत बसून ठरविलेली पैसेवारी जशी, तसाच मोटारीच्या खिडकीतून पाहिलेला मुलूख. डॉ. मॅक्सीन बर्नसन यांचे उदाहरण निराळे आहे. या अमेरिकन विदुषी १९६१ साली प्रथम भारतात आल्या, पुढे फलटणच्या बोलीचा अभ्यास करीत तेथेच राहिल्या आणि १९७८ साली भारतीय नागरिक झाल्या. अमेरिकेतील महाविद्यालयांच्या एका संघाचे विद्यार्थी पुण्यास येत व तेथील कुटुंबांत राहत. त्यांच्या मराठी शिक्षणाची धुरा बाईंनी अनेक वर्षे वाहिली. जी स्वतः आधी येथील झाली, तीच दुसऱ्यास येथील वाट दाखवू शकते, असे आम्हांस वाटते.

आमच्या शेतकरी बंधूंकडेही उद्या असा विद्यार्थी राहावयास येईल. तेव्हा इंग्रजी बोलण्याची हौस आवरून त्याच्याशी मराठीतच बोलावे. केवळ पाहुणचार न करिता त्यास बांधावर व बाजारात बरोबर न्यावे. परदेशी मनुष्य घरी उतरताच चोवीस तासांच्या आत सरकारी नोंदणी कचेरीस वर्दी देणे हे यजमानाचे कायदेशीर कर्तव्य आहे, हेही विसरू नये. आपल्या गावाविषयी तो मायदेशी काय सांगेल, ते आपल्याच ओसरीवर ठरावयाचे आहे.