चांदणी की ठिपका?

गेल्या दिवाळीत वसुबारसेच्या आदल्या दिवशी आमच्या आळीतला एक तरुण पुण्याहून चंदगडला आला. पोटापाण्यासाठी आमच्या तालुक्यातली पुष्कळ मुले पुण्या-मुंबईला नाही तर गोव्याला असतात, आणि दिवाळीला येताना कुणी साडी आणतो, कुणी मिठाईचा पुडा. याने मात्र बुटांचा खोका आणला होता आणि खोक्याला सुईने भोके पाडली होती. आजीला त्याने डोळे मिटायला सांगितले आणि तिच्या ओंजळीत काडेपेटीएवढे एक जिवंत कासव ठेवले.

आजीला कोण आनंद झाला! देवळाच्या सभामंडपात दगडी कासवाला हात लावून मग देवाकडे पाहायचे, हा तिचा जन्माचा परिपाठ. ते कासव आज आपल्या पायाने घरी आले! शेजारीपाजारी जमले. मास्तर म्हणजे सर्वज्ञ, अशी आमच्या आळीची समजूत असल्याने मलाही बोलावणे आले.

"सर, हे आपल्याकडचं नव्हे," तरुण अभिमानाने म्हणाला. "आफ्रिकेतलं आहे, लेपर्ड. त्यातही पार्डालिस. बॅबकॉकाय असतं तर स्वस्त पडलं असतं."

हा माझा जुना विद्यार्थी. मराठीच्या पेपरात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांनी त्याने माझ्या तांबड्या शाईचा पुष्कळ खप केला होता. ही लॅटिन नावे मात्र त्याने बिनचूक म्हटली. विकणाऱ्याने ती चांगलीच घोटून घेतलेली दिसत होती.

दोन नावांची गोष्ट

घरी जाऊन मी पुस्तके चाळली आणि आमच्या प्राणिशास्त्राच्या सहकाऱ्यांना गाठले. त्यांनी जे सांगितले ते कासव विकत घेऊ पाहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने वाचावे असे आहे.

आफ्रिकेच्या पूर्व आणि दक्षिण भागात, सोमालिया-इथिओपियापासून थेट दक्षिण आफ्रिकेपर्यंत, पिवळट पाठीवर काळे ठिपके असलेले एक मोठे भूकासव आढळते. बिबट्यासारखे ठिपके म्हणून त्याचे नाव लेपर्ड. आपण त्याला बिबट्या कासव म्हणू. टॉमस बेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८२८ साली त्याचे वर्णन केले. पुढे १९३५ साली आर्थर लव्हरिज याने त्याच्या दोन पोटजाती मानल्या. दक्षिणेकडचे ते पार्डालिस आणि उत्तरेकडचे ते बॅबकॉकाय. बाजारातली ओळखही यावरूनच ठरली. पिलाच्या पाठीवरच्या प्रत्येक खवल्यात दोन किंवा अधिक ठिपके असले, कातडीवरही काळे शिंतोडे असले, तर ते पार्डालिस. एकच ठिपका असला किंवा मुळीच नसला, कातडी स्वच्छ फिकट असली आणि पाठ अधिक घुमटदार असली, तर ते बॅबकॉकाय. या ठिपक्यांच्या मोजणीवर जगभर किमती कमी-जास्त होतात.

गंमत अशी की, २०१० साली शास्त्रज्ञांनी आफ्रिकेतल्या ठिकठिकाणच्या या कासवांचे जनुकीय नमुने तपासले, तेव्हा या दोन पोटजातींच्या विभागणीला आधारच मिळाला नाही. प्रदेशागणिक वेगवेगळे वंशगट निघाले, पण ते जुन्या दोन कप्प्यांत बसेनात. मला हे ऐकून मुळीच आश्चर्य वाटले नाही. आमची चंदगडी बोली कुठे संपते आणि कोकणी कुठे सुरू होते, हे कुणी रेघ ओढून दाखवावे! घाट उतरत जावे तसतसे बोलणे बदलत जाते. रेघ असते ती नकाशावर. कासवांचे तसेच आहे; पण बाजाराला रेघ हवी असते, कारण रेघेच्या अलीकडची किंमत वेगळी आणि पलीकडची वेगळी.

पोट पाहिले आणि…

दुसऱ्या दिवशी सहकारी स्वतःच आजीकडे आले. त्यांनी ठिपके मोजलेच नाहीत. कासव हळूच उचलून त्यांनी आधी पाठ निरखली, मग पोट पाहिले, आणि त्यांचा चेहरा उतरला.

पाठीवरच्या प्रत्येक खवल्याच्या मधोमध पिवळा भाग होता आणि तिथून पिवळ्या रेषा कडेकडे फुटल्या होत्या. पोटाकडच्या कवचावरही तशाच काळ्या-पिवळ्या रेषा. बिबट्या कासवाचे पोट फिकट असते, त्यावर फार तर डाग किंवा शिंतोडे. अशी किरणे नसतात. हे आफ्रिकेचे कासव नव्हतेच. हे आपले चांदणी कासव, ज्याला व्यापारात स्टार म्हणतात. लहानपणी दोन्ही पिवळी-काळी आणि गुटगुटीत दिसत असल्याने अनोळखी माणूस सहज फसतो. वाढल्यावर बिबट्या कासव दीड फुटापर्यंत जाते. चांदणी कासव सहसा फूटभरही होत नाही.

नाव बदलून विकण्यामागचे कारण उघड होते. आपल्या देशातले चांदणी कासव विकणे, विकत घेणे आणि पाळणे हा गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पूर्वीपासून संरक्षण होतेच. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि ते वाघ-बिबट्यांच्या पंक्तीला पहिल्या अनुसूचीत जाऊन बसले. शिक्षा किमान ३ आणि कमाल ७ वर्षे कैद, शिवाय किमान २५,००० रुपये दंड. ऑगस्ट २०१९ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत 'सायटिस' या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात त्याचा समावेश झाला, म्हणजे रानातून पकडलेल्या कासवांचा देशोदेशींचा व्यापारही बंद. बिबट्या कासव याच कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. तेही मोकळे नाही. कायदेशीर आयातीची कागदपत्रे हवीत, आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर त्याची नोंद हवी. आमच्या तरुणाजवळ एक साधी पावतीही नव्हती.

त्याच्या तोंडचे पाणी पळाले. "सर, रात्री ताम्रपर्णीत सोडून येतो," तो पुटपुटला.

सहकारी जवळजवळ ओरडलेच, "अरे, ते बुडून मरेल! हे जमिनीवरचं कासव आहे."

घर कोणते?

नदीत नको, तर रानात सोडावे, असेही कुणी म्हणाले. पण चांदणी कासवाचे घर म्हणजे कोरडे माळरान आणि काटेरी झुडपे. गुजरात-राजस्थानचा व लगतच्या पाकिस्तानचा कोरडा पट्टा, आंध्र, कर्नाटक व तमिळनाडूतले कोरडे प्रदेश आणि श्रीलंका, एवढाच त्याचा मुलूख. आमचा तालुका धुवांधार पावसाचा; इथल्या ओलीत त्याची छाती भरते, नाक वाहू लागते आणि काही महिन्यांत ते जाते. शिवाय वायव्येकडची आणि दक्षिणेकडची चांदणी कासवे जनुकांच्या तपासणीत वेगळी पडतात. जिथले तिथेच सोडायला हवे. नाही तर वंशाची भेसळ होते आणि रोगही पसरतो. ठिपके मोजून पोटजात ठरवण्याची धडपड दामासाठी होती. खरा भेद ओळखायला हवा तो इथे, या मुक्या जिवाला त्याच्या घरी पोचवताना.

अशी घरवापसी घडलेलीही आहे. परदेशात चोरून नेलेली ५१ चांदणी कासवे नोव्हेंबर २०१८ मध्ये सिंगापूरहून विमानाने बंगळूरला परत आणण्यात आली. पण जी परत येतात ती मूठभर. खोक्यात, पिशवीत, मोज्यात कोंबलेली कितीतरी वाटेतच मरतात.

हे सगळे आजी शांतपणे ऐकत होती. संतवाङ्मयात कासवी पैलतीरावरून नुसत्या नजरेने पिलांचे पोषण करते, हा दृष्टान्त मी दरवर्षी वर्गात शिकवतो. प्रत्यक्षात चांदणी कासवाची मादी जमीन उकरते, अंडी घालते, माती सारखी करते आणि निघून जाते; पिले आपापल्या बळावर मोठी होतात. मी हे आजीला सांगावे की नाही, या विचारात होतो. तेवढ्यात तीच नातवाला म्हणाली, "बाळा, त्याची आई तिकडं नजर लावून बसली असंल. नेऊन दे."

मी गप्प बसलो. वन खात्याच्या १९२६ या क्रमांकावर आम्ही दूरध्वनी केला, आणि त्याच दुपारी तरुणाने खोका वन खात्याच्या माणसांच्या स्वाधीन केला. कुठून घेतले, कुणी विकले, हे सारे त्याने लिहून दिले. लिहिताना त्याचा हात कापत होता. पण एकही गोष्ट त्याने लपवली नाही.

पाडव्याला आजीने मला फराळाला बोलावले. देव्हाऱ्यासमोर एक छोटे पितळी कासव ठेवले होते, बाजारातून नव्याने आणलेले. तरुण हसून म्हणाला, "सर, याची पावती घेतली आहे."