आलेले आणि अडवलेले : दोन ज्यू समाजांची एक तुलना

‘बाहेरून आलेली माणसे एका-दोन पिढ्यांत वर येतात, मग तुम्हीच का मागे राहता?’ हा प्रश्न आपल्या लोकांना वारंवार ऐकावा लागतो. ओझरसारख्या गावात तर तो अधिकच सहजपणे विचारला जातो. १९६४ साली येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा मिग विमानांचा कारखाना आला आणि निफाड तालुक्यातल्या या बाणगंगेकाठच्या गावाशेजारी एक नवीच वसाहत उभी राहिली. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून कामगार, तंत्रज्ञ, अधिकारी आले. त्यांची मुले-नातवंडे आता येथलीच झाली. त्यांच्याकडे बोट दाखवून गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसाला शहाणपण शिकवणे सोपे असते.

या प्रश्नात एक गृहीत दडलेले आहे. समाजाची प्रगती किंवा अधोगती ही त्या समाजाच्या रक्तात, स्वभावात आणि कष्टाळूपणात असते, असे ते गृहीत. ते तपासायचे तर ज्यांचा धर्म एक, शहर एक आणि राज्यकर्तेही एक होते, अशा दोन समाजांची तुलना केली पाहिजे. महाराष्ट्राच्या इतिहासात असे एक उदाहरण आहे. कोकणातले बेने इस्रायल आणि इराक-सिरियाकडून आलेले बगदादी ज्यू, हे ते दोन समाज.

१

बेने इस्रायलांची परंपरा सांगते की, त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. बुडालेल्यांना तेथेच मूठमाती दिली. ही घटना केव्हाची, याबद्दल इतिहासकारांत एकमत नाही. परंतु हे लोक शतकानुशतके कुलाब्याच्या खेड्यापाड्यांत राहिले, मराठी बोलले, आणि पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर अशी गावांवरून पडलेली आडनावे लावू लागले. धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणे.

या नावातच सारे आले आहे. गावगाड्याने त्यांचा धर्म विचारला नाही; त्यांना एक जात देऊन टाकली. ही जात वरची नव्हती, पण अस्पृश्यही नव्हती. पाणवठा त्यांना बंद नव्हता, घाण्याचे तेल गाव विकत घेत होते. येथल्या समाजव्यवस्थेचे वैशिष्ट्य असे की, तिच्यात परका माणूस जातीशिवाय राहूच शकत नाही. पुढे या समाजातही ‘गोरे’ आणि ‘काळे’ इस्रायल असे दोन थर पडले. बाहेरच्या स्त्रियांशी झालेल्या संबंधांतून जन्मलेल्यांचे वंशज ते काळे. त्यांच्याशी रोटीव्यवहार नाही, बेटीव्यवहार नाही. ज्या धर्मात जातिभेद नाही, त्या धर्माच्या माणसांनी तो येथल्या मातीतून उचलला.

अठराव्या शतकात हे लोक मुंबईला येऊ लागले. ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणींत त्यांना प्रवेश मिळाला आणि काहीजण सुभेदार-मेजरपर्यंत चढले. सॅम्युएल इझिकेल दिवेकर हा असाच लष्करी अंमलदार. त्याने १७९६ साली मुंबईत या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. मिशनऱ्यांच्या शाळांतून मराठी-इंग्रजी शिक्षण मिळाले. १८७५ साली हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी समाजाची स्वतःची शाळा काढली. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. पलटणीतून शाळेत, शाळेतून कचेरीत असा हा प्रवास झाला. कारकून, शिक्षक, परिचारिका, डॉक्टर, रेल्वे आणि पोस्टातले नोकर असा एक पगारदार मध्यमवर्ग तयार झाला. १९३७ साली डॉ. ई. मोझेस मुंबईचे महापौर झाले. परंतु गिरण्या आणि गोद्या यांचे मालक मात्र हे लोक झाले नाहीत.

२

बगदादी ज्यू आले ते निराळ्या वाटेने. नाव बगदादी असले तरी त्यांत इराकबरोबर सिरिया, येमेन आणि इराणकडचेही लोक होते. सिरियातल्या अलेप्पोचा शालोम कोहेन अठराव्या शतकाच्या अखेरीस प्रथम सुरतेला आणि मग कलकत्त्याला गेला. कलकत्त्याच्या ज्यू वस्तीचा प्रारंभ त्याच्यापासून मानतात. मुंबईत डेव्हिड ससून १८३२ साली आला. बगदादच्या पाशाच्या जुलमाला कंटाळून तो निघाला होता, म्हणजे एका अर्थाने तो निर्वासितच होता. परंतु त्याचा बाप बगदादच्या पाशांचा खजिनदार होता. ससूनने बरोबर आणली ती सराफी, बंदराबंदरांतल्या ओळखी, पत आणि अरबी-फारसी भाषांचे ज्ञान.

ज्या काळात इंग्रजांना चीनशी व्यापार वाढवायचा होता, नेमक्या त्याच काळात तो मुंबईत आला. चीनला जाणारी अफू आणि विलायतेला जाणारा कापूस यांवर ससून घराणे उभे राहिले. पुढे गिरण्या निघाल्या. भायखळ्याचे प्रार्थनामंदिर १८६१ चे, पुण्याचे ससून रुग्णालय १८६७ चे, कुलाब्याची ससून गोदी १८७५ ची. ससूनच्या पेढ्यांत, गोदामांत आणि गिरण्यांत बगदाद-बसऱ्याहून आलेल्या गरीब ज्यूंना काम, निवारा आणि शाळा मिळाली. बगदादी समाजात गरीब पुष्कळ होते. परंतु गरीब बगदाद्याला आधार देणारी पेढी त्याच्याच समाजाची होती. कोकणातून आलेल्या तेल्याच्या मागे अशी पेढी नव्हती.

यात रक्ताचा संबंध कोठे येतो? दोघेही स्वतःला एकाच पूर्वजांचे म्हणवीत होते. एक समाज घाण्यापासून निघाला, दुसरा खजिन्यापासून. अंतर तेथूनच पडले होते.

३

यापुढे जे घडले ते आपल्या वाचकांना ओळखीचे वाटेल. आरंभी मुंबईतल्या बेने इस्रायलांनी या नव्या धर्मबंधूंना आपल्या प्रार्थनामंदिरात आणि कबरस्तानात जागा दिली. काही वर्षांतच, १८३६ साली, ससूनसह काही बगदाद्यांनी सरकारकडे अर्ज केला की, कबरस्तानात आमच्या आणि बेने इस्रायलांच्या कबरींमध्ये भिंत घालावी. कारण काय? हे लोक शुद्ध ज्यू नव्हेत, यांच्या चालीरीती हिंदूंसारख्या आहेत, यांच्या रक्तात भेसळ आहे.

ज्या समाजाला स्मशानभूमीसाठी आजही कित्येक गावांत भांडावे लागते, त्याला या भिंतीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. बगदाद्यांनी बेने इस्रायलांशी लग्नसंबंध टाळले. काहींनी स्वतःची गणना युरोपियनांत व्हावी म्हणून खटपट केली. काळ्या माणसांच्या देशात गोऱ्या राज्यकर्त्यांच्या जवळ सरकायचे, तर काळ्या दिसणाऱ्या धर्मबंधूला दूर लोटणे भाग होते. आणि ज्यांना बगदाद्यांनी भेसळीचे ठरवले, त्या बेने इस्रायलांनीच आपल्यातल्या ‘काळ्यां’ना भेसळीचे ठरवले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिव्यवस्थेला उतरंडीची विषमता म्हटले, तिचा हा एक वेगळा दाखला. प्रत्येकाला वरून लाथ बसते आणि प्रत्येकाला लाथ मारायला खाली कोणी तरी मिळते.

४

आता त्याच मुंबईतला तिसरा समाज या दोघांशेजारी ठेवून पाहू. कोकण, देश आणि खानदेशातून महार मुंबईला आले तेही गावगाड्यातून सुटून. बेने इस्रायलांप्रमाणे तेही कंपनीच्या मुंबई पलटणींत होते, तेही सुभेदार-मेजर झाले. पलटणीच्या शाळांनी त्यांच्यातही साक्षरतेची एक पिढी घडवली. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी त्याच पिढीचे. येथपर्यंत दोन्ही समाजांची वाट बरीचशी सारखी आहे.

पुढे १८९२ च्या सुमारास इंग्रजांनी लढाऊ जातींच्या नावाखाली महारांची लष्करभरती बंद केली. जातवार तुकड्यांच्या या धोरणात संख्येने लहान असलेल्या बेने इस्रायलांनाही पुढे फारशी जागा उरली नाही. फटका दोघांनाही बसला. परंतु लष्कराचे दार लागल्यावर बेने इस्रायलाला कचेरीचे, शाळेचे, रुग्णालयाचे दार उघडे होते. महाराला ते नव्हते. पेन्शनरांनी अर्जांवर अर्ज केले, गोपाळबाबा वलंगकर आणि शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारचे उंबरठे झिजवले.

गिरणीतही तेच. विणकाम खात्यात मजुरी अधिक होती, पण तेथे अस्पृश्याला मज्जाव होता. धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याच्या तोंडचा धोटा विटाळतो, असे सवर्ण कामगारांचे म्हणणे. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न धसास लावला. अस्पृश्य कामगार कमी मजुरीच्या कताई खात्यात राहिला, तो यंत्र चालवता येत नव्हते म्हणून नव्हे. ही मजुरीतली तूट घरात आली, मुलाच्या शाळेत आली आणि पुढच्या पिढीपर्यंत गेली. पन्नास वर्षांनी कोणी हिशेब मांडून म्हणतो, ‘हा समाज मागे राहिला.’ या वाक्यात कर्ता लपवलेला असतो. मागे ठेवला, असे म्हटले की ठेवणारा कोण, हे विचारावे लागते.

५

समाजाची पायरी त्याच्या रक्तात नसते, याचा शेवटचा पुरावा इस्रायलमध्ये मिळतो. १९४८ नंतर बेने इस्रायल मोठ्या संख्येने तेथे गेले. बीरशेबा, दिमोना, अश्दोद अशा नव्या गावांत त्यांना वसवले. रंगावरून होणाऱ्या भेदभावाला विटून १९५१-५२ साली काहींनी धरणे धरले, ‘आम्हाला हिंदुस्थानात परत पाठवा’ अशी मागणी केली, आणि काही परतलेही. १९६२ साली तेथील धर्मपीठाने फर्मान काढले की, बेने इस्रायलांशी लग्न लावण्यापूर्वी त्यांचे पूर्वज तपासावेत. १८३६ च्या भिंतीचीच ही नवी आवृत्ती. तीव्र आंदोलन झाले. १९६४ साली इस्रायलच्या संसदेला त्यांची समानता मान्य करावी लागली आणि धर्मपीठाला माघार घ्यावी लागली.

परंतु याहून बोलका अनुभव बगदादचाच आहे. १९५०-५१ साली इराकमधून लाखाहून अधिक ज्यू इस्रायलमध्ये आले. त्यांची मालमत्ता इराक सरकारने गोठवली होती. व्यापारी, वकील, सरकारी अधिकारी यांना तंबूंच्या छावण्यांत राहावे लागले. वर बसले होते ऑस्ट्रिया, जर्मनी, पोलंडकडून आलेले युरोपीय ज्यू. मुंबईत वरच्या पायरीवर असलेला बगदादी तेथे खालच्या पायरीवर आला. माणूस तोच, धर्म तोच, बुद्धी तीच. फक्त दार बदलले. १९७१ साली जेरुसलेममध्ये, मुख्यतः मोरोक्कोहून आलेल्या ज्यूंच्या तरुण मुलांनी ‘ब्लॅक पँथर्स’ नावाची संघटना काढली. पुढच्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली. दोघांनीही नाव घेतले ते अमेरिकेतल्या काळ्यांकडून. हा योगायोग निव्वळ नावाचा नव्हता.

अमेरिकेतही दार हाच प्रश्न होता. ऑस्ट्रियातून गेलेल्या माणसाला तू गोरा आहेस काय, असे न्यायालयाने विचारले नाही. सिरियनाला विचारले, १९१५ साली जॉर्ज डाऊच्या खटल्यात सिरियन गोरे ठरले आणि नागरिकत्वाचा मार्ग मोकळा झाला. १९२३ साली भगतसिंग थिंद यांनी आपण उच्च जातीचे आर्य आहोत, म्हणून गोरे आहोत, असा दावा केला. खालच्या जातींशी लग्न न करण्याची प्रथा त्यासाठी पुरावा म्हणून पुढे केली गेली. न्यायालयाने दावा फेटाळला, आणि आधी नागरिक झालेल्या काही हिंदी लोकांचे नागरिकत्वही गेले. १९४६ च्या कायद्यापर्यंत हे दार बंद राहिले. येथे माणसाला बाहेर ठेवण्यासाठी वापरलेली जात तेथे आत शिरण्यासाठी उपयोगी पडली नाही.

६

तेव्हा दोन समाजांची तुलना करायची असेल तर जरूर करावी. पण मिळकतीचे आकडे मांडण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. हा समाज आला तेव्हा त्याच्याजवळ काय होते? त्याला कोणते दार कोणी उघडले? आणि कोणते दार कोणी बंद ठेवले? या तीन प्रश्नांशिवाय केलेली तुलना म्हणजे ज्याच्या पायात बेडी आहे त्याच्या चालीची थट्टा होय.

ओझरच्या वसाहतीलाही हेच प्रश्न लागू आहेत. दूरच्या प्रांतातून येथे आलेला माणूस रिकाम्या हाताने आला नव्हता. नेमणुकीचा कागद त्याच्या खिशात होता, शिक्षण पदरी होते, पगार ठरलेला होता. त्याच्या कष्टाला उणेपणा देण्याचे कारण नाही. परंतु ज्या नाशिकात काळाराम मंदिराच्या दारासाठी दादासाहेब गायकवाडांच्या पुढारीपणाखाली १९३० पासून पाच वर्षे सत्याग्रह करावा लागला आणि दार उघडले नाही, त्याच जिल्ह्यातला माणूस त्या वेळी शाळेच्या दाराशीही उभाच होता. सरकारी कारखान्यातली राखीव जागा ही त्याला मिळालेली सवलत नव्हे. इतरांना जो नेमणुकीचा कागद घराण्याने, शाळेने, ओळखीने मिळवून दिला, तो त्याला घटनेने मिळवून दिला, एवढाच फरक. आणि जेथे हे दार उघडले, तेथे त्याच समाजातली माणसे विमान बांधणाऱ्या हातांत सामील झाली. ज्यांना अजून प्रगती रक्तात असते असे वाटते, त्यांनी याचे उत्तर द्यावे.