शनिवार-रविवार, दोघं आणि पुण्यातल्या पेठा

वीकेंडला लोणावळ्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकण्यापेक्षा आम्ही दोघं पिशव्या घेऊन पेठांत शिरतो. शनिवारी सकाळी लवकर महात्मा फुले मंडई. भाजी घेताना मान वर करून इमारतही बघा: मधला उंच अष्टकोनी मनोरा आणि त्याभोवती पसरलेल्या दगडी शाखा. 1886 साली ती सुरू झाली तेव्हा नाव होतं रे मार्केट, गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून. गंमत म्हणजे, जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेत असताना मंडईवरच्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर लावा, असं त्यांचं म्हणणं. आज तीच मंडई त्यांच्या नावाची!

तिथून तुळशीबाग चालत काही मिनिटांवर. पेशवाईतलं राममंदिर आतल्या चौकात आहे, पण खरेदीच्या नादात ते बघायचं राहून जातं. ही म्हणते, आधी दर्शन, मग कानातली. पटतं.

रविवारी उंबरठा ओलांडायचा नाही. मुगाची खिचडी, पापड आणि ‘अशी ही बनवाबनवी’ (1988). हृषीकेश मुखर्जींचा ‘बीवी और मकान’ (1966) हे तिचं मूळ. दोन्ही लागोपाठ बघा. आमच्या घरी निकाल ठरलेला आहे: बनवाबनवीच सरस. तुमचा कळवा.