जुनी कॅरव्हॅन घेताना : इब्राच्या भिंतींचा धडा

ओमान देशाच्या उत्तर शर्किया प्रांतात इब्रा हे पुरातन गाव आहे. झांजिबार व पूर्व आफ्रिकेशी व्यापार करून धनवान झालेल्या लोकांनी तेथे मातीचे मोठमोठे वाडे बांधले. आज त्यांतील पुष्कळ पडके आहेत. त्या मुलखात पाऊस थोडा. पण छप्पर गेले की तेवढ्याही पावसाने मातीची भिंत ओघळू लागते.

जुनी कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरचे घर, घेताना हाच धडा उपयोगी पडतो. इब्राच्या पुढे शर्कियाचे वाळवंट पसरले आहे. ओमानात हिवाळ्यात तळ ठोकण्यासाठी लोक कॅरव्हॅन वापरतात. आपल्या बेटावरही कोणी समुद्रकिनारी खाण्याचे पदार्थ विकण्यासाठी तशी गाडी शोधतो, आणि घरची सारी पुंजी तीत घालतो. म्हणून रंग व पडदे पाहून भुलू नये.

प्रथम शिडी लावून छप्पर पाहावे. उन्हाने सांध्यांवरचा लेप तडकतो व तेथून पाणी शिरते. मग आतले कोपरे आणि खिडक्यांखालची जागा अंगठ्याने दाबावी. भिंत मऊ लागली, बाहेरचा पत्रा फुगलेला दिसला, किंवा पाय ठेवताच जमीन दबली, तर आतले लाकूड कुजले आहे असे समजावे.

वाळवंटी हवेत एक फसगत असते. कुजलेले लाकूडही तेथे वाळून जाते. कुबट वास येत नाही. पण पाण्याचे डाग आणि गंजलेले स्क्रू खोटे बोलत नाहीत.

नंतर गाडीखाली वाकावे. जोडदांड्याजवळ व स्प्रिंगांच्या आधारांजवळ चीर आहे का, नवे वेल्डिंग ताज्या रंगाखाली झाकले आहे का, हे पाहावे. खडबडीत वाटेवर हेच भाग आधी थकतात. टायर एकाच बाजूने झिजला असेल तर धुरा वाकलेला असू शकतो. दार चौकटीत नीट बसत नसेल तर सांगाडाच पिळला असण्याचा संभव आहे.

एप्रिल २०२४ मध्ये याच उत्तर शर्किया प्रांतात महापूर आला. शाळकरी मुलांचेही बळी गेले. त्या वार्तेने आम्हां शिक्षकांचे मन फार हळहळले. पुराच्या पाण्यात सापडलेली गाडी कोठलीही असो, ती धुऊनपुसून बाजारात येऊ शकते. कपाटांच्या तळाशी, दिव्यांच्या आत सुका गाळ आढळला तर ती घेऊ नये.

छप्पर, जमीन किंवा सांगाडा यांत दोष दिसला तर ओळखीच्या सुताराला व वेल्डरला दाखवून खर्च विचारावा, मगच भाव करावा. विकणारा खाली वाकून पाहू देत नसेल तर नमस्कार करून घरी परतावे. रस्त्यावर आपल्यामागून दुसऱ्यांचीही मुलेबाळे येत असतात.